पिण्याच्या पाण्यातले पर्यवेक्षक

विज्ञानाच्या बाईंची निवृत्ती साडेतीन वर्षांवर आली होती. तेवढ्या साडेतीन वर्षांत आपल्याला कुणी काही नवीन करायला सांगू नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर वाढत होता, आणि फळ्यावर डोळे मिटून अमीबा काढता येईल इतका हात बसला होता. अमीबाचं एक बरं असतं, तो कसाही काढला तरी बरोबरच येतो.

अशात वरून परिपत्रक आलं. प्रत्येक शिक्षकाने तंत्रज्ञानावर आधारित किमान एक नवोपक्रम राबवून त्याचा अहवाल छायाचित्रांसह, सोबतच्या नमुन्यात, महिनाअखेरपर्यंत सादर करावा. त्यातला 'किमान' हा शब्द ज्याने कुणी घातला, त्याला वर्गात एकदाही उभं राहावं लागलं नसणार, असं बाईंचं स्पष्ट मत पडलं. पण ते त्यांनी मनातच ठेवलं. शिक्षकखोलीत मतं मनात ठेवण्याची त्यांना तीस वर्षांची सवय होती.

मुख्याध्यापकांना सगळी शाळा 'मोठे सर' म्हणायची. त्यांनी कागद घेऊन एकेकाला विचारायला सुरुवात केली. पर्यवेक्षक तयारच बसले होते. "फळ्याकडून पडद्याकडे!" त्यांनी उभं राहून जाहीर केलं. म्हणजे पुस्तकातलं पान पडद्यावर मोठं करून दाखवायचं आणि मुलांनी ते वहीत लहान करून उतरवायचं. पर्यवेक्षकांचं मुख्य काम फिरण्याचं होतं. दोन्ही हात पाठीशी बांधून ते दिवसभर या वर्गावरून त्या वर्गावर जात आणि दारातून मान आत घालून बाहेर काढत. ते कुठे जाऊन पोचल्याचं मात्र आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमचं काय?"

बाई चाचणीचे पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बघते."

या वयाची बाई 'बघते' म्हणाली, की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे कोणत्याही संसारी माणसाला कळतं. मोठे सरही संसारी होते, पण कागद हातात आला की त्यांचा संसार सुटायचा. त्यांनी लिहून घेतलं : बाई – निरीक्षण.

आता निरीक्षण म्हटल्यावर कशातून तरी करायला हवं. बाईंना आठवलं, की सहा वर्षांपूर्वी शाळेला एक डिजिटल सूक्ष्मदर्शक मिळाला होता. त्याची तार संगणकाला जोडायची, की थेंबभर पाण्यातलं जग अख्ख्या वर्गाला पडद्यावर दिसतं, असं तेव्हा कुणीतरी भाषणात सांगितलं होतं. भाषणानंतर खोकं जे हेडक्लार्कच्या कपाटावर चढलं ते तिथेच होतं. हेडक्लार्कना सगळे 'भाऊसाहेब' म्हणत. हा मान वयाचा की किल्ल्यांच्या जुडग्याचा, ते ठरायचं होतं.

"ते खोकं द्याल का?" बाईंनी विचारलं.

"कशाला?"

"वापरायला."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, गेल्या सहा तपासण्यांत त्या वस्तूपुढे 'सुस्थितीत' असा शेरा आहे. तो कशामुळे आहे? वापरात नाही म्हणून आहे. तुम्ही वापरणार, मग मी काय लिहू?"

बाईंनी अर्ज केला. अर्जात 'वापरण्यासाठी' असं लिहिल्यामुळे तो परत आला. दुसऱ्या अर्जात त्यांनी 'सुस्थिती पडताळण्यासाठी' असं लिहिलं आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला.

वर्गात फजिती नको म्हणून बाईंनी यंत्र आधी घरी नेलं. ही त्यांची पहिली चूक. बाईंचे यजमान वर्षापूर्वी निवृत्त झाले होते आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही शिल्लक उरलं नव्हतं. त्यांनी माहितीपत्रक घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. समोरच्या दारात राहणारे इंजिनीअर आवाज ऐकून चहाचा कप हातात घेऊनच आले. त्यांनी हयातभर पूल बांधले होते आणि पुलाहून लहान गोष्टींविषयी त्यांना थोडी करुणा वाटत असे.

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. यात समजण्यासारखं काही नसतं," ते म्हणाले आणि पुढचे दोन तास समजून घेत बसले.

संगणक म्हणाला, यंत्र सापडत नाही. यजमान म्हणाले, तार उलटी आहे. इंजिनीअर म्हणाले, तार उलटी असती तर आत गेलीच नसती. ती आत गेली ती जोर लावल्यामुळे, असं यजमानांचं म्हणणं पडलं. बाई सोफ्यावर बसून हे ऐकत होत्या. तिसऱ्या कपाला पडद्यावर अचानक काहीतरी उमटलं. खडकाळ, भेगाळलेला, करडा प्रदेश. दोघे पुरुष आदराने गप्प झाले.

आतल्या खोलीतून सासूबाई आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, हा कुठला डोंगर?"

तो इंजिनीअरांचा अंगठा होता. त्यांनी तो झटकन मागे घेतला. घरी गेल्यावर त्यांनी तो बराच वेळ साबणाने धुतला, असं त्यांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं.

तार कुठे लावायची ते मात्र बाईंना कळलं होतं. दोघे भांडत असताना त्यांनी ते बघून ठेवलं होतं.

उपक्रमाचं नाव ठरलं : 'थेंबातील सजीवांचे निरीक्षण'. सजीव हवेत तर गवत पाण्यात घालून चार दिवस ठेवायचं, त्यात लागतील तेवढे जीव तयार होतात. बाईंनी प्रयोगशाळेच्या खिडकीत बरणी ठेवली, तिच्यावर चिठ्ठी लावली आणि चार दिवस रोज तिच्याकडे डोकावल्या. पाचव्या दिवशी सकाळी नववीचा वर्ग ठाण मांडून बसला. पडदा लागला, यंत्र लागलं, मोठे सर आणि पर्यवेक्षक छायाचित्रासाठी दारात येऊन उभे राहिले. खिडकीत बरणी मात्र चकाचक धुऊन पालथी घातलेली होती.

"मामा!" बाईंनी शिपायाला हाक मारली. "यातलं पाणी?"

"फार वास मारत होतं बाई," शिपाईमामा म्हणाले. "म्हटलं, आज मोठे सर येणार, तर..."

त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. बाईंना ओरडायचंही त्राण नव्हतं. मोठे सर घड्याळ बघत होते. बाईंनी चंचुपात्र उचललं, व्हरांड्यात जाऊन पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धरलं आणि परत आल्या. आधी शुद्ध पाणी दाखवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. काही दिसणार नाही. मग सांगू, की हे शुद्ध पाणी, आणि अशुद्ध पाणी पुढच्या आठवड्यात.

त्यांनी थेंब काचपट्टीवर टाकला आणि भिंग खाली आणलं. पडदा धूसर झाला, मग उजळला, आणि सगळा वर्ग एकदम "आई गं!" म्हणाला.

पडद्यावर गर्दी होती. चपलेच्या तळव्यासारखे पारदर्शक जीव इकडून तिकडे सुळकन जात होते. एक दोऱ्यासारखा जीव स्वतःलाच गाठ मारत होता. मधोमध एक लठ्ठसा प्राणी डोक्यावरची दोन चक्रं गरागरा फिरवत होता.

बाई सगळं विसरल्या. खरं सांगायचं तर तीस वर्षं शिकवूनही हा चक्रधर प्राणी त्यांनी इतका स्पष्ट कधी पाहिला नव्हता. चित्रात पाहिला होता, फळ्यावर काढला होता. "बघा, बघा!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "ही चक्रं नाहीत, केस आहेत ते! त्यांनी तो पाणी आत ओढतो. आणि हा आतला ठिपका बघा, जबडा आहे तो, चावतोय!" पायदुखी थांबली. आवाज विशीतला झाला.

"बाई, हा नुसता फिरतोच आहे," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "याचं नाव पर्यवेक्षक ठेवू या?"

वर्ग हसला. दारातले पर्यवेक्षक हसले नाहीत. मोठ्या सरांनी छायाचित्रासाठी धरलेलं हसू तसंच धरून ठेवलं.

दहा मिनिटं वर्ग असा चालला, की मधल्या सुट्टीची घंटा कुणाला ऐकू आली नाही. आणि मग दुसऱ्या बाकावरच्या एका किरकोळ, दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

"बाई, हे पाणी कुठलं?"

बाईंनी तोंड उघडलं. दारातून मोठे सर त्यांच्याकडे बघत होते. तळ्याचं आहे, म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण गेली दहा मिनिटं त्या खरं बोलत होत्या आणि एकदा लागलेली लय चटकन मोडत नाही.

"आपल्या नळाचं," बाई म्हणाल्या.

कुणीतरी बाटलीचं झाकण हळूच घट्ट लावल्याचा आवाज आला. खिडकीजवळचा एकजण तोंडावर हात ठेवून बाहेर धावला. आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्र निघालं.

"तळ्याचं म्हणायचं ना, बाई!" मोठे सर त्यांच्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते. "एवढं साधं सुचू नये?"

"पण तळ्याचं नव्हतं ना सर."

"तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून काय झालं? थोडं तारतम्य..."

दुसऱ्या दिवशी सातशे मुलं घरून पाणी घेऊन आली. कुणाची बाटली दप्तरापेक्षा मोठी होती. फाटकाशी पालक जमले. त्यांतल्या एका शिंप्याने कपडे मापायची पट्टी गळ्यात तशीच ठेवून विचारलं, "साहेब, ते प्राणी केवढे आहेत, तेवढं सांगा." मोठ्या सरांनी सांगितलं, की ते दिसतच नाहीत इतके लहान आहेत. "मग पोरांनी बघितले कसे?" शिंप्याने विचारलं. याचं उत्तर देण्यासाठी तातडीची सभा बोलावण्यात आली.

सभेत पर्यवेक्षकांनी मूलभूत मुद्दा मांडला. सूक्ष्मदर्शक हे यंत्र कोणतीही गोष्ट चारशे पट फुगवून सांगतं. अशा यंत्राच्या साक्षीवर शाळेची बदनामी करणं कितपत योग्य? चारशेने भागलं तर प्रश्न जवळजवळ उरतच नाही, असं त्यांनी गणित मांडलं. गणिताच्या सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळी बाईंच्या हातात कागद पडला : पिण्याचे पाणी पूर्वपरवानगीशिवाय शैक्षणिक कामासाठी वापरल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

तीस वर्षांत बाईंना असा कागद पहिल्यांदाच आला होता. घरी त्यांनी तो कुणाला दाखवला नाही, पण जेवताना सासूबाईंनी ओळखलं. यजमान म्हणाले, सरळ माफी माग. आवाज ऐकून समोरून आलेले इंजिनीअर म्हणाले, पूल पडला की पहिल्यांदा कागद बघायचे. "टाकी साफ केल्याची काहीतरी नोंद असेलच की, वहिनी. ती काढा बाहेर. ज्याची सही, त्याची मान."

हा सल्ला बाईंना पटला. आयुष्यात पहिल्यांदाच इंजिनीअरांचं काहीतरी पटलं, म्हणून त्या जरा बिचकल्याही. दुसऱ्या दिवशी त्या भाऊसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाकी सफाईची नोंदवही मागितली.

"बघायचीच म्हणता?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात प्रथमच काहीशी दया होती.

वही अत्यंत नीटनेटकी होती. दर तीन महिन्यांनी एक नोंद. 'टाकी स्वच्छ केली, झाकण तपासले, पाणी पिण्यायोग्य आहे.' आणि प्रत्येक नोंदीखाली आरोग्य समिती प्रमुखाची सही. गोल, वळणदार, शेवटी छोटीशी शेपटी असलेली. बाईंनी ती सही ओळखली. रोज वहीतल्या अमीबाच्या चित्राखाली त्या तीच करत होत्या.

"मी... आरोग्य समितीची प्रमुख आहे?"

"साडेचार वर्षं झाली," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही पेपर तपासत असायच्या. मी समोर कागद ठेवायचो. तुम्ही सही करायच्या. अठरा वेळा."

बाई खुर्चीत बसल्या. भाऊसाहेबांनी मूकपणे पाण्याचा पेला पुढे केला, मग दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं, आणि भाऊसाहेबांनी तो मागे घेतला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी आपल्या वर्गाची हजेरी उघडली. वर्षभरात कितीतरी नावांपुढे त्यांनीच पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं : पोट दुखते म्हणून घरी गेली. पोट दुखते. पुन्हा पोट. दोन वेण्यांच्या त्या मुलीपुढे असं पाच वेळा लिहिलेलं होतं आणि पाचव्या वेळी बाईंनी पुढे एक उद्गारचिन्ह काढलं होतं. त्या दिवशी चाचणी होती. "चाचणी आली की बरं तुझं पोट दुखतं!" असं त्या तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या आणि वर्ग हसला होता. तिने दप्तर उचललं होतं आणि पोट धरून गेली होती.

बाई ते उद्गारचिन्ह खोडत बसल्या. कागद फाटला, पण खूण गेली नाही.

मग त्या उठल्या. "मामा, गच्चीची किल्ली."

गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, हे ठरायला पाऊण तास लागला. शिपाईमामा म्हणाले, भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणाले, पर्यवेक्षकांकडे. पर्यवेक्षक म्हणाले, ते फक्त खालचे मजले फिरतात. शेवटी कुलूपच इतकं गंजलेलं निघालं, की मामांनी एक हिसका दिल्यावर ते हातात आलं. पुढे टाकीवर चढायला लोखंडी शिडी होती.

"बाई, तुम्ही खाली थांबा. मी बघून सांगतो."

"नको मामा. अठरा वेळा न बघता लिहिलंय. एकदा तरी बघून येते."

शिडीला चौदा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर बाईंच्या गुडघ्यांनी आपलं म्हणणं स्वतंत्रपणे मांडलं. खाली मामा त्यांच्या साडीकडे न बघता शिडी कशी धरावी, या विवंचनेत आभाळाकडे बघत उभे होते. वर पोचल्यावर बाईंना दिसलं, की टाकीला झाकण नाही. झाकणाच्या जागी एक रंगवलेला पत्रा टाकलेला होता. अर्धा सरकलेला, एका कोपऱ्याने पाण्यात बुडालेला. बाईंनी त्यावरची घाण पदराने पुसली. खाली अक्षरं होती : शुद्ध पाणी, निरोगी जीवन. कुठल्यातरी सप्ताहातला फलक असावा. अक्षर ड्रॉइंगच्या सरांचं होतं आणि सुरेख होतं.

आत हिरवं पाणी होतं. त्यात कबुतराची पिसं, रबरी चेंडू आणि एक चप्पल.

"काय दिसतंय बाई?" मामांनी आभाळाकडे बघतच विचारलं.

बाईंनी पदर झटकला. मग म्हणाल्या, "माझी सही."

खुलासा त्यांनी तिथून उतरल्यावर लिहिला, पाच ओळींचा. पाणी परवानगीशिवाय वापरले हे खरे आहे. टाकी स्वच्छ केल्याच्या अठरा नोंदींखालची सही माझी आहे. एकदाही टाकी पाहिलेली नव्हती. आज पाहिली. ती आजच धुवावी, अन्यथा हाच खुलासा मी फाटकावर लावीन.

मोठ्या सरांनी तो दोनदा वाचला. "शेवटची ओळ काढता येईल?"

"टाकी धुतल्यावर काढते."

पुढचे दोन दिवस शाळेला पाणी नव्हतं. चार माणसं टाकीत उतरली आणि हिरव्या पायांनी बाहेर आली. कसलं तरी औषध पडलं, नवीन झाकण आलं, पत्रा भंगारात गेला. ड्रॉइंगच्या सरांना वाईट वाटलं. खुलाशावर पुढे काय झालं, हे बाईंना कळलं नाही. भाऊसाहेबांनी तो फायलीत लावला आणि फाईल कपाटावर ठेवली, जिथे पूर्वी खोकं होतं.

आणि सगळं निवळत आलं असताना नवोपक्रम तपासायला अधिकारी आले.

त्यांच्या हातात बाईंचा अहवाल होता आणि त्याला जोडलेलं ते छायाचित्र : मागे पडद्यावर फिरणारा प्राणी, पुढे तोंडावर हात ठेवून धावणारा मुलगा. "सहभाग उत्स्फूर्त दिसतो," अधिकारी समाधानाने म्हणाले. "आता प्रत्यक्ष दाखवा."

बाईंनी व्हरांड्यातल्या नळाचं पाणी आणलं, कारण अहवालात तसं लिहिलं होतं. थेंब टाकला. पडदा धूसर झाला आणि उजळला. उजेडच होता नुसता. बाईंनी काचपट्टी सरकवली. उजेड. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. एका कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा तेवढा होता, त्याच्याकडे अधिकाऱ्यांनी आशेने पाहिलं, पण तो हलला नाही.

"काही दिसत नाही."

"नाही साहेब. टाकी धुतली."

"मग सजीव?"

"गेले."

अधिकारी विचारात पडले. त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. "उपक्रमाचा उद्देश सजीवांचे निरीक्षण. निरीक्षणाला सजीव नाहीत. मी इथे काय भरू?"

"काहीच दिसलं नाही, असं भरा ना," बाई म्हणाल्या. "साहेब, हे दिसायला आम्हाला तीन आठवडे लागले."

"तसा रकाना नाही, बाई." ते चांगले गृहस्थ होते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "त्या फिरणाऱ्या प्राण्याची तरी काही सोय..."

मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली. दारातले पर्यवेक्षक लगेच पुढच्या वर्गाकडे निघाले.

पंधरा दिवसांनी निकाल आला. 'फळ्याकडून पडद्याकडे' हा उपक्रम अनुकरणीय ठरला आणि पर्यवेक्षकांना प्रशस्तिपत्र मिळालं. बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं : उद्दिष्ट साध्य नाही. पुढील वेळी पुरेसे सजीव उपलब्ध असल्याची खात्री करावी.

शिक्षकखोलीत मोठ्या सरांनी ते वाचून दाखवलं, तेव्हा कुणी बाईंकडे पाहिलं नाही. बाईंना हसू आलं. ते दाबता येईना म्हणून त्या व्हरांड्यात गेल्या. मधली सुट्टी होती आणि नळापुढे रांग होती. बऱ्याच दिवसांनी होती. रांगेत पुढे दोन वेण्यांची ती मुलगी होती. बाईंना बघून तिने मान खाली घातली, मग वर केली.

"बाई, तुम्ही पुढे या ना."

"नको. थांबते मी." मग बाई थोडं चाचरत म्हणाल्या, "पोट कसं आहे तुझं?"

"बरं आहे."

"त्या दिवशी मी चुकले. खरंच दुखत होतं ना तुझं?"

मुलीने मान डोलावली. आजूबाजूची मुलं अचानक फार शांत झाली होती. बाईंनी हे सगळ्यांदेखतच सांगायचं ठरवलं होतं, कारण बोलल्याही सगळ्यांदेखतच होत्या. मग कुणीतरी कुणाला ढकललं आणि गलका पूर्ववत सुरू झाला.

मुलीने बाटली भरली, उन्हात उंच धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहिलं.

"बाई, काहीच दिसत नाही."

"मग पी," बाई म्हणाल्या, "आणि पुढे सरक. माझे पाय दुखतायत."